परसबागेचा पाठ : मिरची कधी तोडावी?



राजगुरुनगरहून चासकमान धरण ओलांडून भीमाशंकरच्या डोंगराकडे गेलो की ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी बांधवांच्या वाड्या लागतात. घरामागे मोरीच्या पाण्यावर मिरचीची चार झाडे असली, तर भाकरीबरोबरचा ठेचा घरचाच होतो. ही झाडे पुढच्या वर्षीही असावीत, तर तोडणी कळायला हवी.

हिरवी आणि लाल मिरची या दोन जाती नव्हेत; ती एकाच फळाची दोन वये आहेत. म्हणून तोडण्यापूर्वी विचारावे : ही मिरची कशासाठी हवी?

रोजच्या जेवणासाठी. रोप लावल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत पहिला तोडा येतो. मिरचीची लांबी वाढायची थांबली, साल तकतकीत झाली, बोटांनी दाबली तर दबली नाही, मोडताना कट् आवाज आला, की ती तयार झाली. मऊ, फिकी मिरची कोवळी असते. तिला तिखटपणा कमी. तिखटपणा मुख्यतः बियांत नसतो, तर बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटतात त्यात असतो. आठ-दहा दिवसांनी तोडा करीत राहिले, की झाड नवी फुले धरते.

साठवणीसाठी. देठापाशीसुद्धा हिरवा रंग उरला नाही, की लाल मिरची तोडावी. दव सुकल्यावर, देठासकट तोडावी आणि पातळ पसरून वाळवावी. ओली मिरची ढिगात ठेवली तर बुरशी धरते. रंग बदलताना काही मिरच्यांवर काळपट छटा येते, ती रोग नव्हे. मात्र खोलगट, गोल डाग पडले तर फळ सडू लागले असे समजावे.

बियाण्यासाठी. इथेच चूक होते. सगळी मिरची हिरवीच तोडली, तर बी राहत नाही. कोवळ्या फळाचे बी नीट उगवत नाही. म्हणून सर्वांत निरोगी झाडाला आधीच चिंधी बांधावी. त्यावरची चार-पाच फळे पूर्ण लाल होऊन सुरकुतेपर्यंत राहू द्यावीत. डागाचे फळ बियाण्याला घेऊ नये, कारण रोग बियांबरोबर पुढे जातो. बी सावलीत वाळवून कोरड्या डब्यात ठेवावे.

आपल्यापैकी काहीजण वाड्यांसाठी बियाण्याच्या पुड्या पाठवतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संकरित बियाण्याच्या झाडाचे बी राखले, तर पुढच्या वर्षी तशीच मिरची येत नाही आणि त्या घराला पुन्हा पुडीची वाट पाहावी लागते. गावरान किंवा सुधारित सरळ वाणाचे बी दिले, तर ते घर पुढच्या पावसाळ्यात आपला वाफा आपणच भरते आणि शेजारणीलाही मूठभर बी देते.

करून पाहा : आपल्या कुंडीतल्या मिरचीच्या एका झाडाला आज चिंधी बांधा. त्यावरची मिरची घरात कोणी तोडणार नाही, एवढे सांभाळा.