गाडी आधी थांबली पाहिजे

अजून इसार दिला नाहीस ना? मग आधी ऐक, पैसे नंतर दे.

महिंद्राची जुनी डीआय पिकअप शोधतोयस, ही निवड चांगली. त्या २५२३ सीसी इंजिनाचं मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ ट्रॅक्टरमध्ये आहे. साडेतीन इंचाचा बोअर, चार इंचाचा स्ट्रोक; पळण्यापेक्षा ओढण्याचीच त्याला सवय. डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, म्हणून थंडीतही ते हीटर प्लगशिवाय उठतं. एखादा दलाल तुला त्याहून जुनी, प्यूजोच्या एक्सडीपी इंजिनाची गाडी दाखवेल. २११२ सीसीचं ते इंजिनही वाईट नाही, आवाजाला जरा मऊच. पण त्याला हीटर प्लग लागतात आणि सामानासाठी वणवण होते. डीआयचं सामान तालुक्याच्या गावातही मिळतं. घरच्या घरी काम करणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. एका पॅकिंगसाठी गाडी ठोकळ्यांवर पडून राहिली की माणसाची हौस विझते, आणि मग उघडलेली गाडी पोत्यात भरून भंगारात जाते. अशा किती गाड्या आमच्या उद्यमनगरात रिक्षाटेम्पोतून आलेल्या पाहिल्या आहेत.

गाडी बघायला सकाळी जा. मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेव की मी आल्याशिवाय चालू करू नका. पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लाव. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी ये. गरम इंजिन सगळे दोष पोटात घालतं. चालू झाल्यावर मागे जाऊन धूर बघ. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, नोझल, नाहीतर पंपाशी कोणीतरी केलेली छेडछाड. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सुरुवातीला असला तर चालतं, पण इंजिन तापल्यावरही राहिला तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा पाणी आत शिरतंय. ऑइलची पट्टी काढून बघ. दुधाळ दिसली, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर हेड पॅकिंग गेलं. मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघड. तिथून भकाभका धूर आला की आपले लोक म्हणतात, ब्रीदर मारतंय. रिंगा आणि लायनर संपलेत.

यातलं काही दिसलं म्हणून पळून येऊ नकोस. इंजिन तर तू उघडणारच आहेस. उलट भाव पाडायला ते कामाचं. पळून यायचं ते चेसिस खराब असेल तर.

खिशात एक लोहचुंबक आणि छोटी हातोडी ठेव. चुंबक दारांच्या खालच्या कडेला, मडगार्डला, केबिनच्या कोपऱ्यांना लाव. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. रबरी मॅट उचलून पायाखालचा पत्रा बघ. मग गाडीखाली जा. केबिन जिथे चेसिसवर बसते ते माउंटिंग आणि पाट्यांचे हँगर नीट पाहा. रंगाच्या आडून एखादी तांबडी रेघ बाहेर आलेली दिसली की ती चीर समज. हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं भदभद वाजतं. किनाऱ्यावर राबलेली गाडी खाऱ्या हवेने आतून कुजलेली असते, वरून रंग नवा असला तरी. घाटावर ऊस नाहीतर वाळू ओढलेली गाडी गंजत नाही, पण वाकते. मागे उभा राहून बघ, हौदा एका अंगाला झुकलाय का.

आता कागद. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय व्यवहार नाही. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घास, छाप घे, आणि तो आरसीशी एकेक आकडा लावून बघ. इंजिन नंबरही बघ. अनेक पिकअपांत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसलेलं असतं आणि त्याची नोंद कुठेच नसते. पासिंग कधीपर्यंत आहे ते पाहा. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी करावं लागतं.

तुझ्या डोक्यात मोठे टायर, उंच केलेली गाडी आणि दुसऱ्या कंपनीचं इंजिन आहे, हे मला ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही. रंग बदललास तरी आरसीवर नोंद लागते, इंजिन बदलायचं तर आधी परवानगी. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मोठा टायर म्हणजे गियर उंच होतो, क्लच जळतो, ब्रेकला जास्त जोर लागतो, किलोमीटरचा काटा खोटं बोलतो. पिकअपला तुझी हौस दाखवायला जागा भरपूर आहे: हौद्याला सागवानी फळ्यांची जमीन कर, फाळक्याचे बिजागर-साखळ्या नव्या घाल, सीट चांगल्या कापडाची शिव, वायरिंग स्वच्छ कर. गाडी तिच्या मूळ रूपात कडक उभी राहिली की बघणारा थांबून बघतो.

लोक चूक करतात ती क्रमात. गाडी आणली की पहिल्या आठवड्यात रंगाच्या दुकानात. तू पैसा खालून वर खर्च कर. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि पाटे, मग चेसिस, मग इंजिन-गियर, मग वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. गाडी आधी थांबली पाहिजे, मग पळाली पाहिजे, दिसली तर नंतर. पैसे मध्येच संपले तर थांबणारी, चालणारी आणि फिकट रंगाची गाडी हाताशी राहते. उलट्या क्रमाने गेलास तर चकचकीत गाडी शेडमध्ये उभी राहील.

खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढ, प्रत्येक जोडाचे, दोन बाजूंनी. नट-बोल्ट काढले की शक्य असेल तिथे त्याच भोकात हाताने परत लावून ठेव. बाकीचे डब्यात, वर चिठ्ठी.

आणि गाडीखाली जाताना: जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. कधीच नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. स्टँड नाहीतर सागाचे जाड ठोकळे, आणि उरलेल्या चाकांना पुढे-मागे अडसर. वीट वापरू नकोस. वीट सांगून फुटत नाही.

ब्रेकमध्ये मास्टर सिलिंडर, चाकाचे सिलिंडर, रबरी होज आणि सगळ्या पाइपलाइनी बघ. रबराचं जे काही आहे ते न बघता बदल. पाइपला बाहेरून गंज दिसला तर पाइपही बदल. ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाल. इंजिन ऑइल, डिझेल असलं काही त्यात गेलं की रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतात. भाग धुवायलाही डिझेल वापरू नको, ब्रेक ऑइलनेच धू. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, उतरत्या घाटात ते पाणी उकळून वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. उघड्या डब्यातलं उरलेलं पुन्हा भरायचं नाही.

चेसिस उघडी पडली की तारेच्या ब्रशने घासून काढ, रंग आणि गंज निघाला पाहिजे. पाणी वाहून जाण्याची छिद्रं मोकळी कर. मातीने तीच बुजतात आणि गंज तिथूनच चालू होतो. पट्टी जोडायची वेळ आली तर वेल्डरला सांगायचं: सी-आकाराच्या भागाच्या वरच्या आणि खालच्या आडव्या कडांना भोक नाही आणि आडवं वेल्डिंग नाही, कारण ओझ्याचा ताण तिथे सर्वात जास्त. भोक उभ्या बाजूला. पट्टीची टोकं सरळ कापू नयेत, तिरपी कापावीत, म्हणजे ताण एका रेघेवर येत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढ, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड उडतात. आणि डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यावर वेल्डिंग करू देऊ नकोस. आतल्या पातळ थरातून वाफ होते, ती स्फोटासारखी पेटते. गळकी टाकी असेल तर नवी घे.

आता इंजिन. क्रँक ग्राइंड करायची तर मशीनशॉपवाला विचारेल, दहा, वीस की तीस? म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात किती कमी करायची. तू उत्तर देऊ नकोस, मोजून सांगायला लाव, आणि तेवढ्याच मापाची बेअरिंग घे. लायनर बसवल्यावर तो ब्लॉकच्या वर किती उठलाय ते चारी ठिकाणी माप. कंपनीच्या पुस्तकात आकडा असतो. तो कमी-जास्त असेल तर हेड पॅकिंग टिकणार नाही, कितीही महागाचं आण. लायनर पाण्यात बसणारा असेल तर खालच्या रबरी रिंगा नव्या, आणि त्यांना पीळ पडू देऊ नकोस. हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. अंदाजाने आवळणारा मिस्त्री कितीही जुना असो, त्याला बाजूला बसव.

थर्मोस्टॅटबद्दल भांडण होणार आहे, त्याची तयारी ठेव. दहातले सात मिस्त्री तो काढून फेकतात आणि म्हणतात, आता गाडी तापणार नाही. तापते ती चोंदलेल्या रेडिएटरमुळे, सैल बेल्टमुळे, मेलेल्या वॉटर पंपमुळे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कायम थंड राहतं, डिझेल जास्त खातं, लायनर लवकर झिजतो. रेडिएटर खोलून साफ करून घे, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट घाल आणि थर्मोस्टॅट जागच्या जागी ठेव.

पंप-नोझल मात्र घरी उघडायचं नाही. टेस्ट बेंच असलेल्या माणसाकडेच दे, आणि परत आल्यावर सीलला हात लावू नकोस. ताकद वाढते म्हणून डिझेलचा स्क्रू फिरवणारे भेटतील. आधी काळा धूर, मग वितळलेला पिस्टन. आणि चालू इंजिनावर नोझलचा नट ढिला करताना हात समोर धरू नकोस. दोनशे बारच्या आसपासचा तो फवारा कातडी भेदून आत जातो, बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं. तसं झालं तर दुखो न दुखो, थेट दवाखान्यात जायचं.

जोडून झाल्यावर पाइपमधली हवा काढायची. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मार, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येऊ दे, मग आवळ. तेच पुढे पंपाच्या स्क्रूला. शेवटी नोझलचे नट थोडे ढिले ठेवून स्टार्टर मार, डिझेल ठिबकलं की आवळ. घाई केलीस तर बॅटरी संपेल, इंजिन उठणार नाही.

पहिल्यांदा चालू करताना शेजारी जाड फळी ठेव. ऑइल जास्त भरलं असेल किंवा टर्बोचं सील गेलं असेल तर डिझेल इंजिन आपलंच ऑइल पिऊन सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो. तेव्हा हवा बंद करायची: एअर फिल्टरची नळी आधीच ढिली ठेव आणि तोंडावर फळी दाब. हात दाबायचा नाही, ओढला जातो. चालकाने टॉप गियर टाकून ब्रेक घट्ट दाबत क्लच सोडला तरी ते मरतं. हे दोघांनी आधी बोलून ठेवा, ऐनवेळी कोणाचं कोणाला ऐकू येत नाही.

वायरिंगबद्दल एवढंच: अर्थिंग घासून पक्कं कर, हेडलाइटला रिले घाल, प्रत्येक लाइनला फ्यूज. जुन्या गाडीचे निम्मे रोग अर्थिंगचे असतात.

रंग पावसाळ्यात देऊ नकोस. दमट हवेत चकाकी मरते, पांढरट पडतो. पुट्टी पातळ, पत्रा जास्तीत जास्त हातोडीने सरळ कर. आत, दारांच्या पोकळीत गंजरोधक फवार, बाहेरच्या चमकीपेक्षा ते जास्त वर्षं देतं.

नव्याने बांधलेलं इंजिन पहिले काही दिवस नुसतं उभं ठेवून गुरगुरत ठेवू नये, रिंगा नीट बसत नाहीत. रस्त्यावर ने, मध्यम ओझं दे, मध्येच ॲक्सिलरेटर सोड. पाचशे किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदल, पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळ, टॅपेट बघ. मग गगनबावड्याच्या बाजूला एकदा ने, हौद्यात थोडं वजन टाकून. घाटात उतरण्याआधी सपाटीवर चार-पाच वेळा ब्रेक मारून थांब, खाली उतर आणि चाकांच्या मधल्या भागाजवळ हात ने, लावू नकोस. पुढची दोन आपसांत सारखी तापली पाहिजेत, मागची दोन आपसांत. एक जास्त तापलं तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग फार आवळलंय. एक थंडच राहिलं तर त्याचा ब्रेक लागतच नाही. मग घाट उतरायचा नाही, तिथूनच माघारी वळायचं.