विभाजक शोधताना थांबायचं कुठे? (इयत्ता पाचवी – गणित)



'३६ चे सर्व विभाजक लिहा.' हा प्रश्न फळ्यावर लिहिला की बहुतेक वह्यांमध्ये २, ३, ४, ६, ९ सापडतात. कुणी १ विसरतं, कुणी ३६, आणि १२ व १८ तर बऱ्याच जणांचे राहून जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी विचारलं, "१८ का नाही लिहिलास?" तो म्हणाला, "सर, मला अठराचा पाढा येत नाही."

"आधी तीसपर्यंत पाढे पाठ करा, मग विभाजक जमतील," असं मीच सांगत आलो होतो. या मुलाला दहापर्यंतचे पाढे पक्के येत होते. खरं तर तेवढे पुरेसे होते. चूक माझ्या सांगण्यात होती.

सुरुवात चिंचोक्यांनी

एखाद्या संख्येला ज्या संख्येने भागल्यावर बाकी शून्य उरते, ती तिची विभाजक संख्या. ही व्याख्या सांगण्याआधी प्रत्येक गटाला १२ चिंचोके द्या आणि सारख्या ओळींत मांडायला सांगा.

१ ओळ – १२ चिंचोके
२ ओळी – प्रत्येकी ६
३ ओळी – प्रत्येकी ४

५ ओळी करायला गेलं की प्रत्येकी २ येतात आणि २ चिंचोके उरतात, म्हणून ५ हा विभाजक नाही. ४ ओळी केल्या तर? मुलंच सांगतात, "सर, ही तर मघाचीच मांडणी, फक्त आडवी!" हेच त्यांच्याकडून यायला हवं. विभाजक जोडीने येतात.

जोड्यांची पद्धत

आता ४८ घेऊ. १ पासून क्रमाने भागून पाहायचं. भाग गेला की भाजक डावीकडे, भागाकार उजवीकडे.

१ × ४८
२ × २४
३ × १६
४ × १२
५ – भाग जात नाही
६ × ८
७ – भाग जात नाही

पुढची संख्या ८. ती उजवीकडे आधीच आली आहे, म्हणून इथे थांबायचं. ८ चा जोडीदार ६. त्यापुढच्या कोणत्याही विभाजकाचा जोडीदार ६ पेक्षा लहानच असणार, आणि त्या संख्या आपण तपासून झालो आहोत.

४८ चे विभाजक : १, २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४, ४८ (एकूण १०).

सोळाचा पाढा कुठे लागला? नाही लागला. ४८ ला ३ ने भागलं आणि १६ आपोआप मिळाला.

नऊच्या पुढे जायचंच नाही

जोडीतल्या दोन्ही संख्या १० किंवा त्याहून मोठ्या असतील, तर गुणाकार किमान १०० होतो. म्हणून ९९ पर्यंतच्या कोणत्याही संख्येसाठी १ ते ९ ने भागून पाहिलं की काम संपलं.

नेहमीच्या चुका

• १ आणि ती संख्या स्वतः विसरणं. पहिली जोडी नेहमी हीच लिहायची.
• विभाजक आणि विभाज्य यांत गोंधळ. ३ हा १२ चा विभाजक. १२ ही ३ ने विभाज्य संख्या.
• ३६ मध्ये ६ × ६ आल्यावर ६ दोनदा लिहिणं. तो एकदाच मोजायचा. म्हणून ३६ चे विभाजक ९, म्हणजे विषम. वर्गसंख्यांचे विभाजक नेहमी विषम का येतात, ते मुलांना शोधू द्या.

सरावासाठी

२४, ४९, ६०, ९१ (उत्तरे : अनुक्रमे ८, ३, १२ आणि ४ विभाजक).

९१ ला मुलं हमखास मूळ संख्या म्हणतात. ७ ने भागायला लावा, १३ सापडेल.

पालकहो, घरी बाटल्यांची झाकणं किंवा शेंगदाणे घेऊन हा खेळ जरूर खेळा. पाढे पाठ हवेतच, पण पाढा येत नाही म्हणून मुलाने गणित सोडून देऊ नये.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी ९६ चे सगळे १२ विभाजक लिहून आणले. त्यात ३२ होता आणि ४८ सुद्धा. बत्तीसचा पाढा त्याला अजून येत नाही.