ब्विंडीच्या रानात गोरिलांच्या मागावर

युगांडाच्या नैर्ऋत्य टोकाला ब्विंडीचं रान आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३३० चौरस किलोमीटर, पण उभे उतार आणि वेलींची दाटी अशी की दहा पावलांपुढचं दिसत नाही. २०१९ साली जाहीर झालेल्या आकड्यांनुसार जगात पर्वतीय गोरिला होते १,०६३. त्यांतले चारशेहून अधिक इथले, उरलेले विरुंगाच्या ज्वालामुखी डोंगरांतले. एकही प्राणिसंग्रहालयात नाही. त्यांना पाहायचं तर रानातच जावं लागतं.

सगळ्यात आधी परमिट. परदेशी पर्यटकांसाठी युगांडात २०२४पासून ते ८०० डॉलरला मिळतं. रवांडात १,५०० डॉलर पडतात. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला आठच पर्यटक सोडतात, म्हणून काही महिने आधी नोंदणी करावी. पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि नकुरिंगो या चार भागांपैकी परमिट ज्या भागाचं, मुक्कामही तिथेच हवा. एका भागातून दुसरीकडे जायला डोंगरातले तास मोडतात. रस्त्याने येणाऱ्यांना रुशागासाठी कंपालापेक्षा किगाली बरंच जवळ पडतं.

जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. पाऊस तेव्हाही गाठतोच.

माग काढणारे पहाटेच रानात शिरलेले असतात. गोरिला रोज संध्याकाळी फांद्या आणि पाला वाकवून नवं घरटं करतात. कालची घरटी सापडली, की मोडलेले देठ आणि ताजी लीद पाहत माग पुढे निघतो. कधी तासाभरात कुटुंब भेटतं, कधी दुपार कलते. सह्याद्रीत रुळलेल्या ट्रेकरला चढाचं फारसं वाटणार नाही, पण इथे वाट आयती नसते. वाटाड्या कोयत्याने वेली छाटतो आणि पाय ओल्या पाल्याच्या थरावर पडतो. घोट्यावर येणारे बूट, पायमोज्यांत खोचलेली पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खाजऱ्या झुडपांसाठी जाड हातमोजे हवेतच. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा.

भेट एका तासाची. मास्क लावायचा, दहा मीटरचं अंतर राखायचं, खोकला आला तर तोंड फिरवून कोपरात खोकायचं. माणसाची साधी सर्दी गोरिलांना जिवावर बेतू शकते. १९९६मध्ये ब्विंडीतल्या एका कुटुंबाला खरूज झाली आणि त्यात एक पिल्लू दगावलं. पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी तिचा माग आसपासच्या वस्त्यांपर्यंत नेला आणि पुढे २००३मध्ये माणसं आणि गोरिला या दोघांच्याही आरोग्यासाठी संस्था उभी केली. तेव्हा ताप किंवा सर्दी असेल, तर पैसे बुडाले तरी चालतील, पण निघण्याआधीच वनरक्षकांना सांगून मागे राहावं.

पाठपिशवी हलकी असली तरी हमाल घ्यावा. निसरड्या उतारावर त्याचा हात लागतो, आणि रान टिकण्यातून गावाला रोजगार मिळतो तो असा.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावरच घ्यावी. तिचं प्रमाणपत्र युगांडात शिरताना लागतं, आणि मुंबईत उतरतानाही. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणून पासपोर्टसोबतच ठेवावं.