आवाज बारीक झाला की थांबा

हिरवा दिवा लागला, हात वर गेला, चाप ओढला. नेहमीचा ‘फट्’ आलाच नाही. फटाका फुसका निघावा तसा आवाज आला, आणि स्लाइडही मागे गेली नाही. पुढचा दिवा लागायला सात सेकंद होते. सरावानं हातानं आपलं काम केलं: स्लाइड खेचली, पुंगळी बाहेर पडली, नवं काडतूस बिनबोभाट आत बसलं. मी हात पुन्हा 45 अंशांवर आणला, तेवढ्यात मागून प्रशिक्षक ओरडले, “थांबा ताई! बोट बाहेर!”

पहिली गोळी नळीत मध्यावरच अडकली होती. त्यावर दुसरी सुटली असती, तर नळी फुगली किंवा फुटली असती. पितळी सळईनं ती शिशाची गोळी हळूहळू मागे ढकलून काढली. सोबत न जळलेल्या दारूचे ओलसर दाणे निघाले.

चूक सर्वस्वी माझी होती. मी कोल्हापूरची. आमच्याच गावची नेमबाज राही सरनोबत 2013 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेऊन आली, तेव्हापासून हा खेळ मनात होता. नोकरीनं गुरुग्रामला आणलं आणि दिल्लीत तुघलकाबादची डॉ. कर्णीसिंह रेंज आवाक्यात आली. चूक ही, की काडतुसं मॅगझिनमधून नीट सरकावीत म्हणून मी ती बंदुकीच्या तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवत असे. मला वाटे, ही काळजी आहे. माझ्या पिस्तुलाच्या पॉइंट टू-टू काडतुसात गोळी आणि पुंगळी यांच्यामधून तेल आत झिरपू शकतं. ते दारूत आणि कडेतल्या स्फोटक मसाल्यात उतरलं की दारू अर्धवटच पेटते. उघड्या शिशाच्या गोळीवर कारखान्यानं मेणासारखं वंगण लावलेलंच असतं. वर काही लावायची गरज नसते.

त्यानंतर ऑफिसमधल्या एकानं सुचवलं, अमेरिकेत लोक घरी दारू मोजून काडतुसं भरतात, तूही शिक. हे अजिबात करू नका. पॉइंट टू-टूची पुंगळी मुळात पुन्हा भरण्यासाठी नसते. तिच्या कडेतच मसाला असतो आणि पिन बसली की ती कड चेपते. मोठ्या बोअरचं म्हणाल, तर पिस्तुलाची दारू झरझर जळते. दोन डब्यांतली दारू दिसायला सारखी, पण दाब वेगळा. चिमूटभर कमी पडली तर गोळी नळीत अडकते. चुकून दुप्पट पडली तरी कित्येकदा पुंगळीत मावते, डोळ्याला कळतही नाही. शिवाय शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 7 वर्षं कैद आणि कमाल जन्मठेप आहे. आपला बाळगण्याचा परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे.

निवड करायची ती कारखान्यातून भरून आलेल्या काडतुसांतून. स्पर्धेच्या पिस्तुलांची स्प्रिंग बहुधा स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या काडतुसांना जुळवलेली असते. त्यांची गोळी साधारण 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची, आणि वेग आवाजाच्या वेगाखालचा. हाय व्हेलॉसिटीनं नेम सुधारत नाही, उलट पिस्तुलाचे हाल होतात. फारच मवाळ काडतूस असेल तर स्लाइड पुरती मागे जात नाही. म्हणून दोन-तीन बनावटींची पन्नास-पन्नास काडतुसं झाडून पाहा. कुठलं अडतं, कुठल्याचे घाव जवळजवळ पडतात, हे वहीत लिहा. पसंत पडलेल्याचा लॉट नंबर टिपून ठेवा, कारण लॉट बदलला की वागणूकही बदलू शकते.

गुरुग्रामचा मे महिना 45 अंशांना टेकतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवू नका. घरी थंड, कोरड्या जागी, कुलपात ठेवा. आणि सरावानंतर जेवणाचा डबा उघडण्याआधी हात साबणानं धुवा. बोटांना शिसं लागलेलं असतं. घरी लहान मूल असेल तर कपडेही आधी बदला.

आवाज बारीक आला, झटका कमी जाणवला, स्लाइड अडली, तर स्लाइडला हात लावू नका. बोट चापाबाहेर, नळीचं तोंड निशाण्याकडेच. अर्धा मिनिट तसंच उभं राहा, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरना बोलवा. पिस्तूल रिकामं करून नळी साफ असल्याचं त्यांनी तपासेपर्यंत पुढची गोळी नाही. मालिका बुडाली तर बुडू द्या.