लॅबमधला संगणक कुणाला ओळखतो आणि काय विसरतो?

प्रश्न : माझी मुलगी यंदा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झाली. तिथल्या संगणक लॅबमध्ये कुणालाच ठरलेली जागा नाही. ती सांगते, कुठल्याही संगणकावर बसलं तरी नाव आणि पासवर्ड टाकताच तिच्याच फायली समोर येतात. पण एकदा घाईत सी ड्राइव्हवर ठेवलेला प्रकल्पाचा अहवाल दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर सापडला नाही. एकीकडे सगळं लक्षात राहतं, दुसरीकडे काहीच राहत नाही, हे कसं? आणि इतक्या जणांच्या हाताखालून जाणाऱ्या संगणकावर पासवर्ड टाकणं सुरक्षित असतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या मुलीला ओळखणारा संगणक तिच्या समोरचा नसतो. तो विद्यापीठाच्या सर्व्हर रूममध्ये, कुलूप लावलेल्या थंड खोलीत असतो आणि तिच्या फायलीही तिथेच असतात. टेबलावरच्या संगणकाने करायचं ते एवढंच: ही कोण आहे ते सर्व्हरला विचारायचं, होकार आला की तिचा फोल्डर नेटवर्कवरून आणून समोर मांडायचा आणि ती उठली की सगळं विसरायचं. लक्षात ठेवणं आणि विसरणं ही कामं अशी दोन वेगळ्या यंत्रांना वाटून दिलेली आहेत. अहवाल गेला, कारण तो विसरणाऱ्या यंत्रावर ठेवला गेला.

ही वाटणी पक्की झाली ती एका विद्यापीठातच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, म्हणजे एमआयटीने, १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम या कंपन्यांना सोबत घेऊन 'प्रोजेक्ट अथीना' सुरू केला. पाच वर्षांसाठी आखलेला हा प्रकल्प १९९१च्या जूनपर्यंत चालला. संगणकशास्त्राच्याच नव्हे, तर सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी संगणक मिळावा, हा त्यामागचा हेतू.

एमआयटीला सामायिक संगणक नवा नव्हता. १९६१मध्येच फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली होती. संगणक एकच, मोठा. त्याला अनेक टर्मिनल जोडलेली आणि प्रत्येकावर वेगळा माणूस काम करतोय. एकाच्या फायली दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून तिथे पासवर्ड आला. १९६६मध्ये याच प्रणालीवर एक प्रसंग घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते. एक पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा लॉग-इन करताना सर्वांना दिसणारा त्या दिवसाचा संदेश लिहीत होता. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाइलला दर वेळी एकच नाव देत असे. दोन्ही फायलींची अदलाबदल झाली आणि जो कुणी लॉग-इन करेल त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड उमटू लागले. हल्ला कुणी केलाच नव्हता. कोर्बाटो यांनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग स्वतः सांगितला. अनेकांसाठीची प्रणाली सांभाळणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण अशी बहुतेक संकटं वाईट हेतूतून येतच नाहीत.

सीटीएसएसमध्ये संगणक निदान एका खोलीत, जाणत्या माणसांच्या नजरेखाली होता. अथीनात सुमारे हजार वर्कस्टेशन आवारभर पसरली. प्रत्येक स्वतंत्र संगणक, आणि त्यासमोर दिवसरात्र कुणीही बसणार. एवढ्या यंत्रांवर पहारा कोण आणि किती ठेवणार? अथीनाच्या लोकांनी पहाऱ्याचा नादच सोडला. टेबलावरच्या यंत्रावर विश्वास ठेवायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. इतकं की सार्वजनिक वर्कस्टेशनचा 'रूट' पासवर्ड, म्हणजे त्या यंत्रावर पूर्ण ताबा देणारा पासवर्ड, विद्यार्थ्यांपासून लपवलेलाच नव्हता. यंत्राचा ताबा मिळाला तरी त्यातून दुसऱ्या कुणाच्या फायलींचा ताबा मिळू नये, अशी रचना त्यांनी केली. मला ही धाडसाची गोष्ट वाटते.

त्यासाठी स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी केरबेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत घडवली. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८मध्ये मांडलेली कल्पना तिच्या मुळाशी होती. पद्धत अशी: तुम्ही नाव टाकता. संगणक ते नाव केरबेरॉसच्या सर्व्हरला कळवतो. पासवर्ड मात्र नेटवर्कवर पाठवतच नाही. सर्व्हर एक 'तिकीट' देतो, पण ते ज्या उत्तरातून येतं ते तुमच्या पासवर्डपासून बनवलेल्या किल्लीने बंद केलेलं असतं. तुम्ही टाकलेला पासवर्ड बरोबर असेल तरच समोरचा संगणक ते उत्तर उघडू शकतो. पुढे फायलींच्या सर्व्हरला, प्रिंटरला, मेलला याच तिकिटाच्या जोरावर आपली ओळख पटवायची. तिकिटाला मुदत असते. अथीनात सुरुवातीला ती साधारण ८ तासांची होती. आजच्या विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांची खाती एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या जाळ्यात, काही बदल केला नसेल तर १० तासांची असते. कुणी तिकीट चोरलं तरी ते फार काळ उपयोगी पडू नये, यासाठी ही मुदत.

हे सगळं कसं सुचत गेलं ते समजून घ्यायचं असेल, तर बिल ब्रायंट यांनी १९८८मध्ये लिहिलेला चार प्रवेशांचा संवाद वाचावा. अथीना आणि युरिपिडीज अशी दोन पात्रं. अथीना एक रचना मांडते, युरिपिडीज तिच्यातली फट दाखवतो, की पुन्हा नवी रचना. सुरक्षेवरचं इतकं सोपं आणि नेमकं लेखन विरळाच.

केरबेरॉस एमआयटीतच राहिलं नाही. विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टने तेच डोमेनच्या लॉग-इनसाठी मुख्य पद्धत म्हणून घेतलं. आपल्याकडच्या ज्या लॅबमध्ये विंडोजचं 'डोमेन' आहे, तिथे विद्यार्थी रोज नकळत हीच तिकिटं वापरतात.

या पद्धतीची एक खोड लॅब असिस्टंटना चांगली माहीत असते. तिकिटाच्या देवाणघेवाणीत वेळेची नोंद असते, त्यामुळे दोन्हीकडची घड्याळं जुळावी लागतात. फरक सहसा ५ मिनिटांपर्यंतच चालतो. जुन्या संगणकातला मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला, की त्याचं घड्याळ काही वर्षं मागे जाऊ शकतं. मग पासवर्ड बरोबर असूनही संगणक आत घेत नाही. विद्यार्थिनी पाच वेळा पासवर्ड टाकते आणि तिला वाटतं आपलंच काही चुकलं. दोष त्या छोट्याशा सेलचा असतो. असं झालं तर आधी शेजारच्या संगणकावर लॉग-इन करून पाहावं आणि मग अडलेल्या संगणकाचा नंबर लॅबमध्ये कळवावा.

आता सुरक्षेबद्दल. केरबेरॉस नेटवर्कवरची चोरी रोखतं. पण तुम्ही पासवर्ड टाइप करता तो समोरच्याच कीबोर्डवर. आधीच्या माणसाने खोटा लॉग-इन पडदा उघडून ठेवला असेल, किंवा कीबोर्डच्या वायरला टाइप केलेलं टिपणारा लहानसा डोंगल लावला असेल, तर तिकिटांचा काही उपयोग नाही. विंडोजच्या बऱ्याच लॅबमध्ये लॉग-इनआधी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबायला सांगतात, ते यासाठीच. तो इशारा थेट विंडोजकडे जातो, खोटा पडदा तो अडवू शकत नाही. शंका आली तर संगणक रीस्टार्ट करून मग बसावं, आणि कीबोर्डची वायर यूएसबीत जिथे शिरते तिकडे एक नजर टाकावी. बँकेचं काम लॅबमध्ये करूच नये. ब्राउझरने 'पासवर्ड साठवू का' असं विचारलं तर नाही म्हणावं. आणि उठताना लॉग-ऑफ करावं. नुसता मॉनिटर बंद करून जाणारी मुलं आपलं सगळं काम पुढच्याच्या हाती देऊन जातात.

तुमच्या मुलीचा अहवाल पुसला कुणी, तेही सांगायला हवं. अथीनात एक माणूस उठला की त्याचं नाव त्या यंत्राच्या यादीतून निघायचं, तात्पुरत्या फायली साफ व्हायच्या, नेटवर्कवरचे फोल्डर सुटायचे. यंत्रातलं सॉफ्टवेअर सर्व्हरवरच्या मूळ प्रतीशी ताडून पाहिलं जायचं आणि बदललेलं काही आढळलं तर ते जागेवर आणलं जायचं. आज अनेक लॅबमध्ये हेच काम फॅरॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीचं डीप फ्रीझ हे सॉफ्टवेअर करतं. ते लावल्यावर संगणक डिस्कच्या मूळ मजकुराला हात लावत नाही. तुम्ही साठवलेलं सगळं बाजूच्या तात्पुरत्या जागेत जातं, आणि रीस्टार्ट होताच त्या जागेकडे जाणाऱ्या खुणा टाकून दिल्या जातात. तुम्हाला फाइल जागेवर दिसत होती ती खरीच होती, फक्त तिचं आयुष्य रीस्टार्टपुरतं होतं. व्हायरस, कुणी बदललेल्या सेटिंग, कुणी भरलेले खेळ हे सगळं त्याच फटक्यात जातं. अहवाल गेल्याचं वाईट वाटणारच, पण शेकडो विद्यार्थ्यांची लॅब परीक्षेच्या सकाळी चालू असते ती या विसरण्यामुळे. चूक तुमच्या मुलीचीही म्हणता येणार नाही. 'इथे ठेवलेलं राहत नाही' अशी ठळक मराठी पाटी प्रत्येक मॉनिटरवर लावणं लॅबचं काम आहे.

यंत्रांइतकाच विचार अथीनाने माणसांच्या अडचणींचा केला, आणि मला तो भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. तिथे ओएलसी नावाची सोय होती. विद्यार्थी आहे त्या वर्कस्टेशनवर बसून प्रश्न टाइप करायचा आणि कामावर असलेला सल्लागार, जो बहुधा विद्यार्थीच असे, दुसरीकडून उत्तर द्यायचा. त्याची पाळी संपली तर झालेला सगळा संवाद पुढच्याला वाचता यायचा. विचारणाऱ्याला पहिल्यापासून सांगत बसावं लागत नसे. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं साठवून सर्वांना वाचायला ठेवलेली असत. नवी यंत्रं घेताना असा नोंदी ठेवणारा मदतकक्ष आपल्याकडे क्वचितच कुणी मागतो. प्रिंटर का अडतो, कुठला संगणक दर महिन्याला रुसतो, हे एकाच लॅब असिस्टंटच्या डोक्यात असतं. तो बदलून गेला की ते ज्ञानही जातं. साधी नोंदवही ठेवली तरी पुष्कळ फरक पडेल: तारीख, संगणकाचा नंबर, काय झालं, काय केलं.

तुमच्या मुलीला निदान स्वतःचं खातं मिळालं आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत अजून सगळ्या लॅबसाठी एकच 'स्टुडंट' नावाचं लॉग-इन असतं आणि त्याचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असतो. तिथे कुणाचंच काही राहत नाही, आणि कुणी काय केलं हेही कळत नाही. मुलं पेन ड्राइव्ह घेऊन हिंडतात. त्यातून व्हायरस लॅबभर पसरतात. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याचं निभावतं. ज्याचं सगळं काम लॅबमध्येच होतं, त्या मुलाला सगळ्यात जास्त सोसावं लागतं. यावर 'पैसे नाहीत' हे उत्तर मला पटत नाही. लिनक्स विनामूल्य आहे. केरबेरॉसही एमआयटीने खुलं करून दिलं आहे. सांबा या विनामूल्य सॉफ्टवेअरच्या २०१२मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यावर विंडोजच्या संगणकांसाठीही डोमेन चालवता येतं. खर्च आहे तो एका बऱ्यापैकी सर्व्हरचा, बॅकअपच्या डिस्कचा आणि ते सांभाळायला वेळ असलेल्या एका प्रशिक्षित माणसाचा. त्या माणसाला प्रवेशाच्या, परीक्षेच्या आणि निकालाच्या कामात वर्षभर अडकवून ठेवलं तर कुठलंही सॉफ्टवेअर टिकणार नाही.

आता तो अहवाल. संगणक त्यानंतर रीस्टार्ट झाला असेल तर तो परत मिळण्याची आशा जवळजवळ नाही. पण तिच्या नेटवर्क फोल्डरमधून कधी काही चुकून पुसलं गेलं, तर धावतपळत लॅब असिस्टंटकडे जावं. सर्व्हरचा बॅकअप होत असेल तर आधीची प्रत बहुतेक वेळा मिळते. तिथे बॅकअप किती दिवसांचा ठेवतात, हे तिने उद्याच विचारून ठेवावं.