शोधनिबंधाचे स्लाइडद्वारे सादरीकरण : काही व्यावहारिक सूत्रे

आयुर्वेदीय परिसंवादांत शोधनिबंध वाचून दाखविण्याची प्रथा मागे पडून तो स्लाइडच्या साहाय्याने मांडण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. साधन बदलले, परंतु पुष्कळदा संपूर्ण निबंधच पडद्यावर उतरविला जातो आणि वक्ता सभेकडे पाठ करून तो वाचतो. श्रोत्यांमध्ये चिकित्सक असतात, तसेच औषधनिर्मातेही असतात. सभागृहातून ते जो निष्कर्ष सोबत नेतात, त्यावर रुग्णाला द्यावयाचे औषध आणि फार्मसीतील निर्मिती काही अंशी अवलंबून असते. म्हणून सादरीकरण हा शोभेचा नव्हे, जबाबदारीचा विषय आहे असे आम्ही मानतो. पुढील सूत्रे एका प्रसिद्ध चाचणीच्या आधारे मांडीत आहोत.

उदाहरणादाखल चाचणी

सुश्रुतसंहितेतील मेदोरोगवर्णनाचा आधार घेऊन गुग्गुळावरील प्रबंध १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात सिद्ध झाला. तेथून पुढे भारतात या द्रव्यावर पुष्कळ काम झाले. २००३ साली 'जामा' या अमेरिकन नियतकालिकात गुग्गुलिपिडची चाचणी प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढ व्यक्तींचे तीन गट करून ८ आठवडे एका गटास १००० मि.ग्रॅ., दुसऱ्यास २००० मि.ग्रॅ. गुग्गुलिपिड दिवसातून तीन वेळा व तिसऱ्यास प्लासिबो देण्यात आले. प्लासिबो गटात एल.डी.एल. सरासरी ५ टक्के घटले. औषधाच्या गटांत ते अनुक्रमे ४ व ५ टक्के वाढले. औषध घेणाऱ्यांपैकी ६ जणांच्या त्वचेवर पुरळ उठले. प्लासिबो गटात कोणासही नाही. हा अप्रिय निष्कर्ष आपल्याच सभेत मांडावयाचा असेल, तर तो कसा मांडावा?

१) प्रथम एक वाक्य, मग स्लाइड

संगणक उघडण्यापूर्वी आपला निष्कर्ष एका वाक्यात कागदावर लिहावा. येथे ते वाक्य असे होईल : "या मात्रेत, या कालावधीत, या रुग्णांमध्ये गुग्गुलिपिडने एल.डी.एल. कमी झाले नाही, उलट किंचित वाढले." या वाक्यास आधार देणारी स्लाइड ठेवावी, इतर गाळावी. दहा मिनिटांच्या वेळेत आठ ते दहा स्लाइड पुरतात. विषयप्रवेशास एकच स्लाइड पुरे. आयुर्वेदाची महती वैद्यसभेस सांगण्यात तीन मिनिटे घालविल्यास निष्कर्षाच्या वेळी सत्राध्यक्षांची घंटा वाजते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक व विरुद्ध असे वाक्यदोष सांगितले आहेत. प्रत्येक स्लाइड या निकषांवर तपासावी. प्लासिबो गटाचा आकडा नसणे हे न्यून; प्रत्येक स्लाइडवर धन्वंतरीचे चित्र व संस्थेचे बोधचिन्ह हे अधिक.

२) शीर्षकातच निष्कर्ष

"निरीक्षणे", "परिणाम" अशी शीर्षके श्रोत्यास काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी "औषधाच्या दोन्ही गटांत एल.डी.एल. वाढले" असे पूर्ण वाक्य शीर्षकस्थानी द्यावे व खाली त्याचा पुरावा दाखवावा. अक्षरे शेवटच्या रांगेतून वाचता आली पाहिजेत. निबंधातील वीस ओळींचा तक्ता जसाच्या तसा डकवू नये; त्यातील आवश्यक आकडे निवडून आलेख काढावा.

३) आलेख प्रामाणिक असावा

वरील चाचणीसाठी तीन स्तंभ पुरेत. मधोमध शून्याची रेषा, तिच्या खाली प्लासिबोचा स्तंभ व वर औषधाचे दोन स्तंभ. प्लासिबो वगळून केवळ ४ व ५ टक्के दाखविल्यास वाढ क्षुल्लक भासते; वस्तुतः प्लासिबोशी तुलना करता अंतर ९ व १० टक्क्यांच्या घरात जाते. शून्याऐवजी मधूनच सुरू होणारा स्तंभालेख याच जातीची दिशाभूल करतो. टक्केवारीसोबत रुग्णसंख्या अवश्य द्यावी. "८० टक्के रुग्णांना उपशय" हे १० पैकी ८ रुग्णांबाबत असेल तर तसेच लिहावे. चिकित्सा मध्येच सोडणाऱ्यांची संख्या व उपद्रव यांना स्वतंत्र स्लाइड द्यावी.

४) औषधाची ओळख पूर्ण द्यावी

आमच्या मते आपल्या सादरीकरणांतील मोठी उणीव येथे असते. द्रव्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव, प्रयोज्य अंग, कल्पना, मात्रा, अनुपान, सेवनकाल व बॅच क्रमांक यांची एक स्लाइड हवीच. गुग्गुलिपिड हा गुग्गुलस्टेरॉनचे प्रमाण निश्चित केलेला अर्क आहे. तो शोधित गुग्गुळ नव्हे, योगराज वा त्रिफळा गुग्गुळही नव्हे. म्हणून या चाचणीवरून सर्व गुग्गुळकल्प निष्फळ ठरत नाहीत. परंतु हाच न्याय उलटही लागू होतो : अर्कावरील अनुकूल चाचण्यांचा दाखला आपल्या वटीच्या वेष्टनावर देता येणार नाही. औषध कोणत्या फार्मसीने पुरविले, खर्च कोणी केला, तेही पडद्यावर सांगावे. २००७ साली सुरू झालेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियामध्ये नोंदणी केली असल्यास तिचा क्रमांक द्यावा. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीनेच वापरावे; केवळ डोळ्यांवर काळी पट्टी लावून ओळख लपतेच असे नाही.

५) प्रत्यक्ष सादरीकरण

घड्याळ लावून किमान तीन वेळा मोठ्याने सराव करावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या देवनागरी फॉन्टमधील मजकूर सभागृहातील संगणकावर अगम्य चिन्हांत बदलतो. म्हणून युनिकोड वापरावा व पीडीएफ प्रतही जवळ ठेवावी. आलेख दाखविताना आधी अक्षांवर काय आहे ते सांगावे, क्षणभर थांबावे, मग अर्थ सांगावा. स्लाइडवरील वाक्ये वाचू नयेत. श्रोते ती स्वतः वाचतात.

६) प्रश्नोत्तरे

चरकसंहितेत तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. परिसंवादात संधाय संभाषाच इष्ट होय. "या रुग्णांची प्रकृती व अग्नी पाहिला होता काय?" असा प्रश्न येईल. अभ्यासात ते पाहिले नसेल तर "नाही" इतकेच उत्तर द्यावे; तर्काने पोकळी भरू नये. अशा मर्यादांची एक स्लाइड निष्कर्षापूर्वीच दाखविल्यास वक्त्याचे वजन वाढते.

अनुकूल निष्कर्ष कोणीही उत्साहाने मांडतो. प्रतिकूल निष्कर्षही त्याच स्पष्टतेने, त्याच आकाराच्या अक्षरांत आपल्या सभांतून मांडला जाऊ लागेल, तेव्हा आपले अनुकूल निष्कर्षही इतर शास्त्रांचे अभ्यासक अधिक गांभीर्याने ऐकतील. आगामी परिसंवादासाठी निबंध सिद्ध करणाऱ्या वैद्यबंधुभगिनींनी या सूत्रांचा अवश्य विचार करावा, ही विनंती.