पायवाटेवरचे इंग्रजी : डॉक्टरांसाठी एक शब्दपाठ

आपले वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत झाले, ग्रंथ इंग्रजी, केसपेपरही इंग्रजी. त्यामुळे ही भाषा आपल्याला पुरती अवगत आहे, असा आपला समज असतो. ‘हेपॅटोस्प्लेनोमेगाली’ हा शब्द आपण झोपेतही बिनचूक लिहू. परंतु खानवेलकडील एखाद्या पाड्यावरून आलेला रुग्ण ‘कातळावरून सटकलो नि बांधावर आपटलो’ असे सांगू लागला, की लेखणी अडते आणि कागदावर ‘फेल डाऊन’ एवढेच दोन शब्द उतरतात. कातळ, बांध, सटकणे, आपटणे हे चारही तपशील हरवतात. ही उणीव शब्दकोश पाठ करून नव्हे, तर सहलीच्या व भटकंतीच्या वाटेने कशी भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शरीरातील भूगोल

सिल्वासाहून खानवेल सुमारे २० कि.मी.; तेथून पुढे दूधनीचा जलाशय. कारखाने मागे पडले की टेकड्या सुरू होतात. या रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी गोष्टींची इंग्रजी नावे आपल्याला आधीच ठाऊक असतात. फक्त ती शरीरात भेटलेली असतात. ‘इलियाक क्रेस्ट’मधील क्रेस्ट म्हणजे डोंगराचा माथा. ‘टिबियल प्लॅटो’मधील प्लॅटो म्हणजे पठार. थायरॉइडच्या दोन खंडांना जोडणारा ‘इस्थमस’ हा मूळ ग्रीकमध्ये दोन भूभागांना जोडणारी चिंचोळी पट्टी होय. ‘फॉसा’ म्हणजे लॅटिनमध्ये खंदक, आणि ‘कॅटरॅक्ट’ म्हणजे धबधबा! ज्या विकारात मराठी माणसाला मोती दिसला, त्यात लॅटिन वैद्याला कोसळणारे पाणी दिसले.

‘वॉटरशेड’ हा शब्द तर प्रत्यक्ष पाहूनच समजावा. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या धारेवर पडलेल्या पावसाचे एका अंगाचे पाणी दमणगंगेतून अरबी समुद्रास मिळते, तर दुसऱ्या अंगाचे गोदावरीतून बंगालच्या उपसागरास. ती धार म्हणजे वॉटरशेड. मेंदूतही दोन रोहिण्यांच्या क्षेत्रांची अशीच सीमा असते. रक्तदाब घसरला की कालव्याच्या टोकाच्या शेताप्रमाणे तिला रक्त अपुरे पडते, आणि ‘वॉटरशेड इन्फार्क्ट’ घडतो.

उलट दिशेने पाहिले तर डोंगरालाही शरीर आहे. मराठीत त्याला पायथा, माथा आणि सोंड असते. इंग्रजीत पायथ्याची टेकडी ‘फूटहिल’ होते. घळईला ‘गॉर्ज’ म्हणतात, आणि फ्रेंच भाषेत तो शब्द गळ्याचा आहे. खिंडीचा ‘कॉल’ हा लॅटिन ‘कोलम’पासून, म्हणजे मानेपासून आला. डोंगराच्या सोंडेला इंग्रज ‘स्पर’ म्हणतो. स्पर म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेची आर. म्हणूनच टाचेतील वाढलेल्या हाडालाही आपण तेच नाव देतो.

२. पडणे एक, शब्द अनेक

चढ-उताराच्या वाटेवर दोन तास चालल्यास ‘पडणे’ या क्रियेचे सारे प्रकार अनुभवास येतात. ओल्या दगडावरून घसरणे म्हणजे ‘स्लिप’. मुळीत पाय अडकून पडणे म्हणजे ‘ट्रिप’. अडखळून तोल जाणे, पण कदाचित सावरणे, म्हणजे ‘स्टम्बल’. उतारावरून गडगडत जाणे म्हणजे ‘टम्बल’. आणि भोवळ येऊन जागीच कोसळणे म्हणजे ‘कोलॅप्स’.

हा भेद केवळ भाषेचा नाही. वृद्ध रुग्ण ‘ट्रिप’ झाला असेल तर मुख्यतः अस्थिभंग शोधावा. ‘कोलॅप्स’ झाला असेल तर हृदयाची लय, रक्तातील साखर व फेफरे यांचाही विचार झालाच पाहिजे. ताडावरून पडलेला माणूस टाचांवर आपटला असेल, तर टाचेच्या हाडाबरोबर कमरेचे मणकेही तपासावे लागतात. म्हणून उंची, खालची जमीन आणि प्रथम टेकलेला अवयव या तिन्हींची नोंद हवी. जमीन ‘रॉक’ होती, ‘मड’ होती, की कापलेल्या भाताची धसकटे म्हणजे ‘स्टबल’ होते?

सर्पदंशाचेही तसेच. रात्री जमिनीवर झोपलेल्यास झालेला, फारशी वेदना वा सूज नसलेला दंश मण्यारीचा असू शकतो. शेताच्या बांधावर पायाला झालेला, भराभर सुजणारा दंश घोणसेची शंका आणतो. ‘बंड’ हा इंग्रजी शब्द फारसीमार्गे आलेला, आपल्या बांधाचाच नातेवाईक आहे. तो एक शब्द संदर्भपत्रात लिहिला तरी पुढच्या डॉक्टरला दिशा मिळते. विळा ‘सिकल’, कोयता ‘बिलहुक’ आणि कुऱ्हाड ‘अ‍ॅक्स’ हे भेद तर वर्षानुवर्षांनी न्यायालयातही वाचले जातात.

३. आपल्याकडून गेलेले शब्द

इंग्रजीची भीती बाळगण्याचे कारण नाही; तिनेही आपल्याकडून उसनवारी केली आहे. ‘मंगूझ’ हा आपला मुंगूस. ‘जंगल’ तर जसाच्या तसा गेला. ‘कोब्रा’ पोर्तुगीजांकडून आला, आणि ‘मॉन्सून’ अरबी ‘मौसिम’वरून, पोर्तुगीजांमार्फतच. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासातून पोर्तुगीज सत्ता गेली. तिच्या भाषेतून आलेले हे शब्द मात्र आपण आजही वापरतो.

४. अभ्यासाची पद्धत

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले, की पाठ केलेले बरेचसे सुरुवातीलाच झपाट्याने विसरले जाते. जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात शब्दाला शारीरिक कृतीची जोड देऊन भाषा शिकवण्याची पद्धत मांडली. या दोहोंच्या आधारे मी पुढील क्रम सुचवितो :

(अ) एका सहलीत दहाच शब्द घ्यावेत, आणि त्यांत क्रियापदे अधिक असावीत.
(आ) शब्द कृतीसह उच्चारावा. घोटाभर पाण्यातून चालताना ‘वेड’, दूधनीला वल्हे मारताना ‘रो’, वल्हे थांबवून नाव वाहू देताना ‘ड्रिफ्ट’, नाव बांधताना ‘मूर’. पावसाळ्यात मात्र वाहत्या ओढ्यात उतरू नये.
(इ) वहीत तीन रकाने आखावेत : पहिल्यात रुग्णाचा वारली, कोकणा वा धोडिया शब्द, दुसऱ्यात मराठी किंवा गुजराती, तिसऱ्यात इंग्रजी.
(ई) दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने उजळणी करावी, आणि प्रत्येक शब्द एकदा तरी केसपेपरवर वापरावा.

यातील पहिला रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रुग्णाचा शब्द नीट ऐकलाच नाही, तर इंग्रजी कितीही सफाईदार असो, नोंद चुकीचीच होणार. सिल्वासात २०१९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आदिवासी घरांतून वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलामुलींना इंग्रजीचा न्यूनगंड वाटतो. पण हा पहिला रकाना त्यांना जन्मतः येतो, आणि तो आपल्यापैकी अनेकांना आयुष्यभर साधत नाही. त्यांना आपल्या भटकंतीत सोबत घ्यावे. ते आपल्याला ‘सटकणे’चे बारकावे सांगतील, आपण त्यांना ‘स्लिप’ आणि ‘ट्रिप’ यांतील फरक सांगू. मंडळाच्या पुढील वर्षासहलीस अशी एक वही प्रत्येक सभासदाने बरोबर आणावी, अशी माझी नम्र विनंती आहे.